सांधेवाला

छबीर तडवीचे एकूण गोल: एक.
तोही नंदुरबारला, पाच-शून्य मागे असताना,
म्हणजे पाच-एक.
माझ्या वहीत तसंच आहे, निळ्या शाईत,
एकाच्या मानेपाशी बॉलपेन अडकल्याची खूण.

सतरा हंगाम मी भुसावळच्या टीमचा स्कोअरर.
रकाने वरूनच छापून यायचे:
गोल, पिवळं कार्ड, लाल कार्ड,
कितव्या मिनिटाला आत, कितव्या मिनिटाला बाहेर.
गोलच्या आधीच्या पासच्या आधीचा पास
कुठे लिहायचा, ते कुणी छापलं नव्हतं.
आणि छबीर तेवढंच करायचा.

त्याचं गाव यावलच्या वर, पालच्या रस्त्याला.
पहिला बॉल केळीच्या वाळक्या सोपटांचा,
सुतळीनं आवळलेला, टप्पाच न घेणारा.
म्हणून असेल,
पुढेही त्यानं बॉल कधी जमिनीवरून उचलला नाही.

मग जळगावचा सेकंड डिव्हिजनचा क्लब. दोन वर्षं. क्लब बुडाला.
धुळ्याला पाहुणा खेळाडू:
मानधन म्हणून जेवण आणि एस.टी.चं भाडं.
नागपुरात तिसऱ्या डिव्हिजनला एक हंगाम,
त्यातले नऊ सामने बाकावर.
पत्र आलं होतं: मास्तर, अठी थंडी लय पडते.
शेवभाजी मंगवली त गोड निघाली.
मग खेळाडू कोट्यातून रेल्वेत,
सांधेवाला, भुसावळ यार्ड.

बॉल येण्याआधी तो दोनदा मागे पाहायचा,
डाव्या खांद्यावरून, उजव्या खांद्यावरून.
कुणाचं देणं लागतो का रे, लोक हसायचे.
रूळ ओलांडताना तसंच.
बाजारात वांगी घेतानाही तसंच.

एकदा बॉल कुंपणावरून गेला तो
थेट मालगाडीच्या रिकाम्या वाघिणीत.
गाडी हलली. बॉल खंडव्याला गेला.
एकवीस माणसं कंबरेवर हात ठेवून
शेवटच्या डब्याचा लाल दिवा बघत राहिली.
बाविसावा केबिनकडे धावला, फोन लावायला.
तिसऱ्या दिवशी बॉल परतला, गार्डाच्या पेटीवर बसून,
हवा गेलेला.
छबीरचा सगळ्यात लांबचा पास, आम्ही म्हणायचो.
वहीत नाही.

मे महिन्यात सामने साडेपाचला,
तरी काळी माती उललेली असायची.
अशाच एका भेगेत त्याचा गुडघा गेला.
त्यानंतरही पाच हंगाम खेळला,
स्वतः कमी पळायचा, बॉलला पळवायचा.

पुढे वसू कोलते. एका हंगामात एकोणीस गोल,
पेपरात फोटो, गळ्यात झेंडू.
पुण्याच्या कुठल्याशा बँकेनं नेला त्याला,
आणि तिथे चारावरच थांबला.
"अठी बॉलच येत नही, मास्तर," फोनवर म्हणाला.
येत नाही म्हणजे कोण देत नाही,
हे त्याला कळलं होतं का,
मी विचारलं नाही.

छबीरचा शेवटचा सामना चाळीसगावशी.
सदुसष्टाव्या मिनिटाला बाहेर.
टाळ्या वाजवल्या मी, आणि पाणी देणाऱ्या पोरानं.
त्यानं बूट काढले, लेसला लेस बांधून
माझ्या टेबलाच्या कोपऱ्याला अडकवले.
"मास्तर, माहे किती झाले?"
"एक."
"तो भी ऑफसाइड होता. तुम्ही दिला म्हणून."
मी कुठला देणार? रेफरीनं दिला होता.
पण बोललो नाही.
रात्रपाळी होती त्याची. डबा घेऊन गेला.

वही माझ्याकडेच राहिली.
काल पेन्सिल घेतली, समासात लिहू लागलो:
जामनेर, बाविसावं मिनिट, छबीर ते इलियास ते वसू, गोल.
वरणगाव, दुसरा हाफ, छबीर ते वसू ते वसूचं डोकं.
आठवून आठवून सात झाले.
आठव्यात इलियास होता की कोपऱ्यातला तो उंच पोरगा,
ते छबीरलाच विचारायला हवं.
तो म्हणेल, ऑफसाइड.